कपाटाचं डावं दार

बमरोली, सुरत
९ जून २०२४

वृषाली,

'प्रिय' लिहीत नाही. लिहिलं असतं तर तूच म्हणाली असतीस, हिला आज काय झालं. फोन तू उचलत नाहीस, आणि माझा नंबर बंद करून ठेवलायस हेही मला कळतं. म्हणून कागद घेतला. तुझा नागपूरचा पत्ता आपल्या मावसबहिणीकडून, पल्लवीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, तिनं बरेच आढेवेढे घेतले.

आईचं डोकं चालत नाही आता. कुणाला वेड लागतं तसं नव्हे. जेवते, आंघोळ करते, लुगड्याच्या निऱ्या अजून माझ्यापेक्षा नीट घालते. पण तिला हे घर कळत नाही, अण्णा गेले ते कळत नाही, आणि संध्याकाळ झाली की एकच सुरू होतं. "वृषी उनी का? पोर अजून उनी नही." तू अजून घरी आली नाहीस म्हणत पायात चपला सरकवून निघते. तुझ्या शाळेकडे. ती शाळा उधन्याला होती आणि आपण बमरोलीला राहतो, हे तिला कुणी सांगायचं? दोनदा पांडेसऱ्याच्या नाक्यावरून धरून आणली. एकदा मिल सुटायची वेळ होती, टेम्पोंच्या मधे उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला तुझ्या फ्रॉकचा रंग सांगत होती.

तू समजतेस तसं नाही. बारा वर्षं तिनं तुझं नाव काढलं नव्हतं. प्रमोदशी लग्न करून तू दारात आलीस, तेव्हा अण्णा बोलले नाहीत, दार आईनंच लावलं. मी मागे उभी होते. भाऊबंद काय म्हणतील, बौद्धाच्या घरी पोरगी गेली, हे सगळं तिच्याच तोंडून ऐकलंयस तू. ते सगळं ती विसरली. प्रमोद विसरली, लग्न विसरली, दार लावलेलं विसरली. तिच्या डोक्यात तू दहा वर्षांची आहेस आणि शाळेतून यायला तुला उशीर झालाय. आता रोज संध्याकाळी ती तुझ्यासाठी दार उघडते.

म्हणून म्हणते, ये. डॉक्टर म्हणाले, हृदयही थकलंय. तिनं तुला घरात घ्यावं असं तुला कधी वाटलं असेल, तर हीच वेळ आहे.

माझं काम बरं चाललंय. मिलच्या डिझाइन रूममधून आम्हाला काढलं, साड्यांची फुलं आता कॉम्प्युटर काढतो. मी लोकांचं जुनं फर्निचर रंगवते. खुर्च्या, टीपॉय, हिंचक्याच्या फळ्या. अडाजणच्या बायका येऊन बसतात आणि सांगतात, "उज्ज्वलाबेन, मोर जरा डाबी बाजु लई लो ने." मोर डावीकडे घ्यायचा, मग उजवीकडे, मग मोरच नको. पण पोट भरतं.

उज्ज्वला


बमरोली
७ जुलै

वृषाली,

उत्तर नाही आलं. मी धरलंही नव्हतं.

एक उद्योग केलाय, तो तुला सांगायला हवा. अण्णांचं सागवानी कपाट आठवतं ना, दोन दारांचं? ते इथे खोलीच्या डाव्या कोपऱ्यात आहे. त्याच्या डाव्या दारावर मी तुला काढली.

काचकागदानं जुनं पॉलिश घासून काढलं, भेगा बुजवायला लांबी भरली, प्रायमर मारला, आणि मग तैलरंगात. गिऱ्हाइकासाठी मी असलं काही करत नाही, तिथे झटपट वाळणारे रंग बरे. पण माणसाच्या कातडीला तैलरंगच लागतो. शाळेतला एकच फोटो होता, त्यात तू उभी आहेस. मी तुला उंबऱ्यावर बसवली. दप्तर बाजूला टाकलेलं, एक रिबीन सुटलेली, गुडघ्यावर खपली, आणि मान वाकवून एका हातानं बुटाचा पट्टा धरलायस. म्हणजे नुकतीच आलीस आणि बूट काढते आहेस. नुसती उभी काढली असती तर आईला वाटलं असतं, आता ही परत खेळायला पळणार.

काम झालं त्या संध्याकाळी ती चपला घालायला वळली आणि थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाय धोई ले, मंग खाई ले." झालं! चपला परत कोपऱ्यात गेल्या. तेव्हापासून एकदाही बाहेर गेली नाही.

आता रोज कपाटापुढे ताटली ठेवते. भाकरी, लसणाची चटणी, कधी गुळाचा खडा. तू काही खात नाहीस, म्हणून तुला रागावते. नंतर ते गार झालेलं मी खाते. इतक्या वर्षांनी तुझं उष्टं खायची पाळी आली बघ माझ्यावर.

आणि मी कोण, माहीत आहे? मी बाई. पगारी बाई. मला "ओ बाई" म्हणते. परवा शेजारच्या सरस्वतीकाकूंना सांगत होती, बाई कामाला बरी आहे, पण तोंडाची फटकळ आहे. काकू हसल्या. मीही हसले. मग मोरीत जाऊन रडले, ते तुला सांगायला हरकत नाही, तू कुठे इथे आहेस बघायला.

उज्ज्वला


बमरोली
२९ जुलै

वृषाली,

तुझं कार्ड मिळालं. तीन शब्द. "कानबाईला येते मी." शब्दांचा कंजूषपणा अण्णांचाच.

ये. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. यंदा चौरंग मी रंगवलाय, कण्हेरीची फुलं काढलीत. भाऊबंद आता कुणी येत नाहीत, जे ते आपापल्या गल्लीत बसवतात, आपल्याकडे आई आणि मी. तुला कुणी काही बोलणार नाही. प्रमोदला आणायचं तर आण.

एक गंमत सांगते. आई सगळं विसरली, पण कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचं काही विसरली नाही. घरातल्या एकेकाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते काढून बसलीसुद्धा. अण्णांच्या नावानं काढले, तुझ्या नावानं काढले. माझ्या नावानं नाही काढले, बाईच्या नावानं कोण काढतं? ते मी तिची पाठ वळल्यावर काढून घेतले.

स्टेशनला येऊ का ते कळव. नाही कळवलंस तरी येईन.

उज्ज्वला


बमरोली
१५ ऑगस्ट

वृषाली,

तू पाणीही न पिता गेलीस. रिक्षापर्यंत मी मागे आले, तू वळून पाहिलं नाहीस. तुझा राग मला कळतो. पण जे झालं त्यात आईनं काय चुकीचं केलं, ते मला सांग.

तिनं तुला घरात घेतलं. "ये बाई, बस" म्हणाली. आपल्या हातानं सतरंजी झटकली. तुझ्या गळ्यातलं मंगळसूत्र, कानाजवळचे पांढरे केस, यात तिला तिची वृषी कुठे दिसणार होती? तिची वृषी कपाटाजवळ बूट काढत बसली होती. मग तिनं पाटावरचा रोट मोडला, त्याचा तुकडा चित्रापुढे ठेवला, आणि तू हात पुढे केलास.

तो हात मी बघितला. आखूड बोटं, रुंद पंजा. आईचाच हात. तिच्या बांगड्या मला कधी चढल्या नाहीत, तुला लहानपणापासून चढायच्या.

"हाई रोट भाऊबंदस्नं शे, बाई. दुसरासले नही देतस. तू बस, तुन्हाकरता भाकर टाकस."

किती गोडीनं म्हणाली! बारा वर्षांपूर्वी ज्या तोंडानं बोलली होती, त्याच तोंडानं. आणि वृषाली, तुला तेच झोंबलं. शिव्या दिल्या असत्या तर तू बसली असतीस, मला माहीत आहे. आपल्या घरात लग्न झालेल्या लेकीलाही रोट देत नाहीत. तू जातीत दिली गेली असतीस, तरी तो तुकडा तुला मिळाला नसता. हे तुला तिथेच सांगायला हवं होतं, पण तू दारात पोचली होतीस.

जाताना म्हणालीस, "पुसून टाक तिला." चित्रातल्या पोरीला म्हणालीस.

तू गेल्यावर आईनं खरंच भाकरी टाकली. ताट वाढून दाराकडे बघत बसली, पाहुणीण हात धुऊन येईल म्हणून.

मी तिला पुसणार नाही. पुसली तर आई पुन्हा पांडेसऱ्याच्या नाक्यावर जाऊन उभी राहील. पण मी दुसरं काही करू शकते. तिला वाढवू शकते. रोज थोडी. आज रिबीन काढायची, चार दिवसांनी वेणी लांबवायची, फ्रॉक घोट्यापर्यंत न्यायचा. आई तिच्यासोबत रोज राहील, तिला कळणारही नाही. पोरं घरात अशीच वाढतात, आईला कुठे दिसतं? आणि शेवटी ती तुझ्यापर्यंत पोचली, आजच्या तुझ्यापर्यंत, की तू ये. मग बघ तुला ओळखते की नाही.

त्यासाठी मला तुझा आत्ताचा फोटो पाहिजे. चेहरा उजेडात असलेला. एवढं कर.

उज्ज्वला


बमरोली
६ ऑक्टोबर

वृषाली,

फोटो मिळाला. सोबत एक ओळ लिहिली असतीस तर बोटं झिजली नसती. पण फोटो चांगला आहे. हसलेली नाहीस ते बरं, हसणं रंगात लवकर शिळं होतं.

काम जमतंय. एका बाईची सहा खुर्च्यांची ऑर्डर अडून बसलीय, रोज फोन करते, आणि मी इथे तुझी वेणी रंगवते आहे. आई दुपारी झोपते तेवढाच वेळ मिळतो. फार नाही बदलत. गुडघ्यावरची खपली गेली. फ्रॉकचा सलवार-कमीज झाला, रंग तोच ठेवला. दप्तराच्या जागी कॉलेजची पिशवी आली. बसायची ढब तीच ठेवली, मान वाकवलेली, हात पायाशी. बुटाच्या जागी सँडल.

आणि ती वाढलेली आईला दिसली! परवा सकाळी कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "वाढी गई पोर." कौतुकानं म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ओ बाई, हिन्हा करता स्थळ देखाले लागी." मी म्हटलं, बघू या की. मोठीचं झालं का, असं मी सहज विचारलं. कोण मोठी, असं तिनं मला विचारलं.

तू गेलीस त्या वर्षी पारोळ्याचं एक स्थळ घराशी येऊन परत फिरलं होतं. ते कुणासाठी होतं, हे आता मलाच आठवत नाही, मग तिला काय आठवणार. जाऊ दे.

आता साडी नेसवायची आणि गळ्यात मंगळसूत्र घालायचं. दिवाळीपर्यंत तू तुझ्या वयाची होशील.

उज्ज्वला


बमरोली
१७ नोव्हेंबर

वृषाली,

दिवाळी बरी गेली. चित्र जवळजवळ झालं. आई ठीक आहे. तुझ्याकडे बघत असते. थंडी पडली की खोकते, बाकी काही नाही. तुझ्या येण्याची घाई नको, मी सांगेन तेव्हा ये. रंग वाळायला वेळ लागतो.

उज्ज्वला


बमरोली
१२ जानेवारी २०२५

वृषाली,

आई गेली ते तुला पल्लवीनं कळवलं. तुला निघायला जमलं नाही, प्रमोद दवाखान्यात होता, तेही कळलं. त्याची तब्येत सुधारली असेल अशी आशा करते. खरंच करते.

मागचं पत्र खोटं होतं. आई ठीक नव्हती, आणि ती तुझ्याकडे बघत नव्हती.

ज्या दिवशी मी चित्रात मंगळसूत्र रंगवलं, त्या संध्याकाळी ती कपाटासमोर आली आणि तिचा चेहराच बदलला. "कोठे चालनी?" म्हणाली. मला आधी कळेना. मग मी तिच्या डोळ्यांनी चित्राकडे बघितलं आणि कळलं. वृषाली, लहान पोर उंबऱ्यावर बसून पायाशी हात नेते, तेव्हा ती बूट काढत असते, घरी आलेली असते. साडीतली बाई त्याच उंबऱ्यावर, त्याच हातानं, तेच करत बसली, तर ती सँडल घालत असते. ती निघालेली असते. इतकी वर्षं माणसं आणि मोर रंगवते मी, आणि एवढं मला दिसलं नाही. तुझी ढब बदलायला नको म्हणून मी तो हात सांभाळत बसले होते.

मग ती म्हणाली, "जाय. मंग परत येऊ नको."

तेच शब्द. तोच आवाज. बारा वर्षांपूर्वी दारामागे उभी राहून ऐकलेला. ती सगळं विसरली होती, आणि मी एकेक दिवस रंगवून तिला त्या दिवसापर्यंत परत आणून सोडली. तुला तिच्याकडे न्यायला निघाले होते मी.

त्यानंतर तिनं तुझ्याकडे तोंड केलं नाही. कपाट कोपऱ्यात आहे, डावं दार पूर्ण उघडलं की चित्र बाजूच्या भिंतीकडे जातं. ती रोज सकाळी उठून ते दार उघडायची. तुझं तोंड भिंतीला लावायची. आतले कपडे, अण्णांचं धोतर, सगळं उघड्यावर, पण दार लावू द्यायची नाही. ताटली बंद झाली. शाळेकडे निघणंही परत सुरू झालं नाही, कारण आता कुणी यायचंच नव्हतं. संध्याकाळी ती नुसती बसायची. पूर्वी नाक्यावर पळायची तेव्हा मी देवाला हात जोडायचे की ही थांबू दे. थांबली. ते बघवत नव्हतं.

मी तिला पुन्हा लहान करणार होते. फ्रॉक, रिबीन, खपली, सगळं परत. सुरुवातही करणार होते. पण तुझा फोटो समोर होता, आणि मला ते जमेना. खरं लिहिते. दहा वर्षांची वृषी आईची होती. ही, कानाजवळ पांढरे केस असलेली, न हसणारी, ही मी पहिल्यांदाच नीट बघत होते. हिला मिटवायला माझा हात उचलला नाही. मी उलट चेहरा पुरा करायला घेतला. मान थोडी वर उचलली, नजर खोलीत आणली. हातही बदलणार होते, पायाशी असलेला हात काढून मांडीवर ठेवणार होते. ते राहिलं.

त्या दुपारी गालावरचा रंग ओला होता. दार उघडं टाकलं असतं तर भिंतीला लागला असता, लावलं असतं तर आई चिडली असती. म्हणून अर्धवट उघडं ठेवलं आणि टर्पेंटाइन आणायला खाली दुकानात गेले. आई झोपली होती. सरस्वतीकाकू जिन्यात भेटल्या, दोन शब्द बोलले. फार वेळ नाही लागला.

वर आले तर कपाटाचं दार घट्ट लावलेलं होतं. आई त्याला टेकून जमिनीवर बसली होती. मी म्हटलं, आई, उठ, ओला रंग आहे. मग कळलं.

तिचा उजवा तळहात रंगानं भरला होता. आणि दारावर, तुझ्या गालावर, तिच्या हाताचा छाप होता. सगळी बोटं, अंगठा, सगळं.

तू विचारशील म्हणून सांगते. मारलं असतं तर रंग फाकला असता, मला कळतं. कुरवाळलं असतं तर ओढला गेला असता. तसं काही नाही. हात ठेवला आहे आणि दाबला आहे. बसल्याबसल्या दार लावायला माणूस जसा हात लावतो, तसा. महिनाभर ती तुला भिंतीकडे तोंड करून ठेवत होती, आणि त्या दुपारी तिनं दार लावलं, म्हणजे तुला खोलीत घेतलं. की नुसतं दार लावलं? पूर्वी लावलं होतं तसं? मी रोज त्यापुढे बसते आणि मला ठरवता येत नाही. तुला बरं वाटावं म्हणून तिनं तुला घरात घेतलं असं लिहिणार होते. एक खोटं पत्र झालंय, दुसरं नको.

मला ती शेवटपर्यंत बाईच म्हणाली. तिच्या हातावरचा रंग मी रॉकेलच्या बोळ्यानं पुसला, नखांतला निघाला नाही, तो तसाच गेला.

छाप मी दुरुस्त केलेला नाही. रंग पुरता वाळला की त्यावर वॉर्निश मारीन, मग तो निघायचा नाही. माझा हात त्यावर धरून बघितला. बसत नाही, माझी बोटं लांब पडतात. तुझा बसेल.

कपाट मी पाठवणार नाही. ते बघायला तुला इथे यावं लागेल. आता आई नाही, रोट नाही, कानबाई पुढच्या श्रावणात. दुसरं काही कारण मला सापडत नाही, म्हणून सरळ लिहिते. मला कुणी नावानं हाक मारून फार दिवस झाले. ये.

तुझी ताई